जयवंताला न विचारता दिलेला शेक

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत जयवंता पुरुषांच्या बरोबरीनं राबायची. बसायच्या जागी दुखू लागलं, रक्त जाऊ लागलं, तरी तिनं कितीतरी महिने कुणाजवळ ब्र काढला नाही. असल्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? शेवटी चालणंही होईना, तेव्हा तिनं नवऱ्याला, खुशालरावांना सांगितलं. गावच्या वैद्यानं मूळव्याध म्हणून औषध दिलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी मात्र तपासलं आणि हात धुताधुताच म्हणाले, "हा कॅन्सर आहे. मुंबईला न्या. तिथं रेडियम मिळेल."

लढाईचे दिवस होते. गाडीत पलटणीच्या गर्दीत खुशालराव वाटभर उभे राहिले, पण तिला आडवं व्हायला त्यांनी जागा मिळवून दिली.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. गाठीत रेडियमच्या सुया टोचायच्या, वरून किरणांचा शेक द्यायचा. "किती द्यायचा, हीच अडचण आहे. कमी दिला तर गाठ पुन्हा उठेल. जास्त दिला तर कातडी भाजेल, जखम फार दिवस चिघळेल. आणि पुढं मूलबाळ होणार नाही."

जयवंताची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तरी तिनं विचार करायला वेळ घेतला नाही. "मोठाच द्या, डाक्टरसाहेब. मी सोशीन. मले जित्तं राहाचं हाये."

खुशालरावांनी मान डोलावली.

सुया काढल्यावर जखम लवकर भरली. शेजारच्या खाटेवरची बाई अजून कण्हत होती आणि जयवंता चालू लागली होती. देवानंच हात दिला, असं म्हणत ती घरी आली.

पुढचा संत्र्याचा बहार उतरायच्या आत गाठ पुन्हा हाताला लागली.

त्याच डॉक्टरांनी तपासलं. "शेक कमी पडेल, असं मी तेव्हाच म्हणालो होतो, बाई. पण मूल हवं म्हणून तुम्हीच मागाहून निरोप दिलात ना?"

"मी? कोनापाशी देल्ला?"

डॉक्टरांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव भिंतीकडे पाहत होते.

"माय दुसरी बायको कर म्हने," ते पुटपुटले. "मले तुह्याच पोटचं पायजे होतं."

"मंग मले काहून नाई इचारलं?"

"तू नाई म्हनली असती."

जयवंता त्यांच्यापासून सरकून बसली. वर्षभर हा माणूस आपल्याला हातानं भाकरी वाढत होता, उशाशी पाणी ठेवत होता, आणि ही गोष्ट पोटात घेऊन बसला होता.

एकदा शेक दिलेल्या जागी आता मोठा शेक चालणार नव्हता. तो भाग कापून काढायचा आणि शौचाची वाट पोटावर करायची, एवढाच मार्ग उरला होता. "यायले बाहेर बसू द्या," जयवंता म्हणाली. "काय ते मले सांगा." सगळं ऐकून घेऊन कागदावर तिनं स्वतः अंगठा उठवला.

ती वाचली. परतताना अकोला स्टेशन आलं तशी ती गाठोडं घेऊन उठली.

"आपलं बडनेरा टेसन अजून दूर हाये," खुशालराव म्हणाले.

"मले अठीच उतराचं हाये."

अकोल्याजवळ बार्शीटाकळीला तिचा भाऊ पुंजाराम होता. त्याच्या मळ्यात ती वांगी-मिरची काढू लागली. पोटावरची पट्टी रोज आडोशाला जाऊन स्वतः बदलायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. "जीव व्हता तुमच्यावर, म्हनूनच केलं त्याईनं," भावजय शकुन एकदा म्हणाली. जयवंता म्हणाली, "जीव नसता त मले एवढं लागलं नसतं."

खुशालराव टोपलीभर संत्री घेऊन यायचे. ती चहा करून द्यायची, संत्री पोरांत वाटून टाकायची. एकदा टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "माय आयकत नाई. दुसरं लगन करू काय?"

"आता इचारून राहिले?" जयवंता म्हणाली. "करा."

ते गेल्यावर ती मळ्यात गेली आणि काम टाकून बांधावरच बसून राहिली.