आयलियन वहिनीनं उचललेली वाटी

आयलियन वहिनीनं साठ वर्षांत दारूला ओठ लावला नव्हता. त्यात पुण्य वगैरे काही नाही. आमच्या कालव्याकाठच्या गावात बायका पीत नाहीत, एवढंच. तिचा नवरा फूशिंग मात्र प्रत्येक पंगतीचा लाडका. तांदळाची कोमट दारू एक वाटी पोटात गेली, की त्याचं तोंड कानांपर्यंत लालबुंद व्हायचं. लाल तोंडाचा माणूस मनानं साफ आणि दारू त्याच्या चेहऱ्यावाटे निघून जाते, असं आम्ही बापजाद्यांपासून धरून चाललेलो. म्हणून त्याची वाटी सगळ्यांत आधी भरायची.

शहरातली डॉक्टर यू दारूच्या अभ्यासासाठी गावकऱ्यांचं रक्त घ्यायला दुसऱ्यांदा गावात आली, तेव्हा मी शेजारी म्हणून त्यांच्याच ओसरीवर फूशिंगजवळ बसलो होतो. वहिनी बाही वर करता करता करवादली, "अगं पोरी, पिणारा हा. माझ्या रक्तात काय शोधतेस?"

"काकू, तुमच्यावाचूनच तर आमचं अडतं," डॉक्टर हसली. "तोंड लाल होतं म्हणजे दारू नीट पचत नाही, तिचं विष अंगात साठतं. तो गुण आईबापांकडून येतो, चिठ्ठी निघावी तसा. कुणाच्या नशिबी येतो, कुणाच्या नाही. श्रीमंती-गरिबीशी संबंध नाही. ज्यांच्यात तो असतो ते पुरुष एकंदरीत कमी पितात, आणि त्यांचं ब्लडप्रेशरही कमी निघालं."

"मग गुणच चांगला असेल!" फूशिंग म्हणाला.

"म्हणून तर काकू हव्यात. बायकांतही तोच गुण असतो, पण त्या पीत नाहीत. गुणाचीच करामत असती तर गुण असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या प्रेशरमध्येही फरक दिसला असता. हजारो बायका तपासल्या, नाही दिसला. म्हणजे प्रेशर वाढवण्याची करणी दारूची."

"रोज एक वाटी हृदयाला बरी असते म्हणतात, त्याचं काय?"

"काका, तसं काही आढळलं नाही." एवढं बोलून तिनं वहिनीचं प्रेशर मोजलं, ते ठीक निघालं. मग त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा बांधला. "तुमचं प्रेशर फार वाढलंय. वाटी आजच सोडा. एखाद दिवशी मेंदूत रक्तस्राव होईल."

"पुढच्या महिन्यात पोराचं लग्न आहे. नवऱ्या मुलाच्या बापानं टेबलाटेबलाशी पाहुण्यांच्या मानाची वाटी उचलली नाही, तर लोक तोंडात शेण घालतील."

वहिनीनं डॉक्टरला तो आकडा पुन्हा वाचून दाखवायला लावला.

लग्नात तो वाटी घेऊन पुढे आणि रिवाजाप्रमाणे ती चहाचा कप घेऊन मागे. तिसऱ्या टेबलाशी त्याच्या कपाळाची शीर टरारली. त्याचा थोरला काका ओरडला, "फूशिंग, रंग अजून कच्चा आहे रे! होऊन जाऊ दे!" फूशिंगनं वाटी उचलली, तोच वहिनीनं ती हातातून हिसकावली आणि घटाघटा पिऊन टाकली.

सगळा मंडप हसला. थोड्याच वेळात तिचं तोंड, गळा, हातसुद्धा लाल झाले. "वा! सूनबाईही साफ मनाची निघाली!" काकानं टाळी वाजवली. ती मात्र छाती धरून मटकन खाली बसली. मी पाणी आणलं.

"डोकं फुटतंय," ती फूशिंगला म्हणाली. "छाती धडधडतेय. तुला दर वेळी असंच होतं?"

"हो."

"लग्न झाल्यापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

"मग बोलला का नाहीस रे, मुडद्या?"

फूशिंग खाली मान घालून म्हणाला, "सगळे इतके खूश व्हायचे."

वहिनीला रडू फुटलं. भर मंडपात, पाहुण्यांसमोर ती हुंदके देऊन रडली. मग बाहीनंच नाक पुसलं आणि उठून उभी राहिली.

"काका, बघा माझ्याकडे. जो गुण ह्याच्यात, तोच माझ्यात. मी प्यायले नाही, माझं प्रेशर ठीक आहे. हा तुमच्या हौसेपायी पीत राहिला, आणि डॉक्टर म्हणते हा मरेल."

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टर यू नक्की म्हणाली असती. आमच्या गावाला दोन पुरली. काकानं भरायला उचललेला दारूचा चंबू खाली ठेवला, आणि वहिनीच्या कपातला चहा फूशिंगच्या वाटीत स्वतःच्या हातानं ओतला.