बाबांचा उजवा हात

मोहाच्या तेलाचा वास आला की मला माझ्या लग्नाचा मांडव दिसतो. आरमोरीजवळच्या आमच्या गावात बाबा भजनाला मृदंग वाजवत. त्या उन्हाळ्यात रोज वाजवून वाजवून त्यांचं उजवं मनगट सुजलं होतं. वैदूनं बजावलं होतं, "महिनाभर मृदंगाले हात लावू नका भाऊ, नाई तं हात कामातून जाईल." आई रोज मोहाचं कोमट तेल चोळून मनगटाला पट्टी बांधायची. लग्नात वाजवायला म्हणून शेजारच्या गावचा वादक आणला होता. पण मला त्याची थाप परकी वाटली. मी बाबांना म्हटलं, "मायं लगन एकदाच होते बाबा. तुमीच वाजवा न." आई ओरडली, "काऊन असी बोलतं वो? त्याईचा हात पाह्यला का?" बाबांनी पट्टी सोडली. ऊन कलेपर्यंत ते वाजवत राहिले. थाप मारताना त्यांचे डोळे मिटत होते, मला वाटलं रंगून गेलेत. मी पहिल्या माहेरपणाला आले, तर बाबा डाव्या हातानं जेवत होते. मी विचारलं, "लय दुखते का बाबा?" ते हसले. "नाई वो पोरी, आता काईच समजत नाई त्या हाताले." आज मी तेव्हाच्या बाबांहून म्हातारी आहे. त्या दिवशी ते नाही म्हणाले असते, तर मी रुसले असते आणि सासरी पोचेपर्यंत विसरूनही गेले असते.