इरप्पांनी घेतलेली मापं

इरप्पामामा गेल्याचं मला शाळेत कळलं. नववीचा तास चालू होता. शेजारचे गिरणीवाले अंगावरच्या पिठासकट वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, इरप्पामामा गेले की." मी खडू खाली ठेवला. पुढचं वाक्य दुःखाचं असेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "आता त्यांना बसवायचं कुणी?"

बाहेरगावच्या वाचकांना हा प्रश्न विचित्र वाटेल. आम्हा लिंगायतांत मृताला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, पूजेला बसल्यासारखं बसवतात, फुलांनी सजवलेल्या लाकडी विमानातून तसंच नेतात आणि तसंच पुरतात. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात देह ऐकत नाही. मान पुढे पडते, कंबर घसरते आणि अंग ताठरायच्या आत सगळं उरकावं लागतं. सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत आणि आसपास हे काम इरप्पामामा करत. पेशानं सुतार. विमानही तेच बांधत आणि माणूसही तेच बसवत. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या घरात दहा-बारा जाणते पुरुष एकमेकांकडे बघत उभे होते. प्रत्येकानं हे काम अनेकदा पाहिलं होतं, आणि पाहिलेलं काम आपल्याला येतं असा आपला जो समज असतो तो तिथं सर्वांचा एकदम उतरला होता. शेवटी त्यांची बायको काशव्वा पदर खोचून आतून आली. "व्हा बाजूला. चाळीस वरसं दुसरी बाजू मीच धरली की. आता दोनी धरते." कुणी एक वडीलधारे "बाईमाणसानं…" एवढं म्हणाले. काशव्वानं त्यांच्याकडे वळून बघितलं. "मग तुमी बसवा." ते पानाची चंची शोधू लागले. तिनं नवऱ्याला बसवलं. उत्तम बसवलं.

त्याला सहा आठवडे झाले. एव्हाना मला हे स्वस्थपणे लिहिता येईल असं वाटलं होतं. तसं होत नाही. लिहायला बसलो की उठून दाराशी जातो, पुन्हा येऊन बसतो… माणूस गेल्याचं दुःख हे एक, आणि काहीतरी अर्धवट राहिलं आहे ही टोचणी दुसरी. दुसरी पहिल्यापेक्षा मोठी होत चालली आहे.

माझी मुलगी महानंदा, घरात नंदा, आज चौदा वर्षांची आहे. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोलता येत नाही. कळतं मात्र सगळं, आणि पाहुणे भाषण द्यायला लागले की ती नेमकी जांभई देते, म्हणून मला ती विशेष आवडते. बाहत्तरच्या दुष्काळात ती सात वर्षांची होती. मान सावरत नसे. माझी पत्नी शांता तिला मांडीवर आडवं घेऊन भरवायची, आणि चार घासांत एक घास श्वासात जायचा. त्या एका वर्षात दोनदा तिची छाती भरली. दुसऱ्या वेळी ती वाचेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. घरी सोडताना ते म्हणाले, "बसवून भरवत जा, नाहीतर हे पुन्हा होणार." कसं बसवायचं, असं शांतानं विचारलं. "ते तुम्हीच बघा," असं म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. मग आम्ही बघितलं. उशा झाल्या, भिंतीचा कोपरा झाला, ज्वारीचं अर्धं पोतं झालं. नंदा सगळ्यावरून घसरायची. तिसऱ्यांदा छाती भरली तर काय, हे आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्याच सुमारास एका संस्थेनं अपंगांना साधनं वाटण्याचा समारंभ केला. नंदाचं नाव कुणीतरी यादीत घातलं होतं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, त्यांनी चुकून व्यवस्थापकांच्या धडधाकट नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि करुणा या विषयावर तासभर बोलले. नंदानं तीनदा जांभई दिली. ज्या मुलीच्या हातात चमचा टिकत नव्हता तिला हातानं चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. फोटोसाठी तिला सीटवर ठेवलं, मी मागून खाली बसून तिला धरलं. छापलेल्या फोटोत माझी बोटं दिसतात. पुढे त्या सायकलवर शांतानं बरीच वर्षं कुरडया वाळवल्या. साधन मजबूत होतं.

इरप्पामामा आमच्याकडे आले ते दाराची चौकट बसवायला. दुपारचं जेवण चाललं होतं. रंधा हातात तसाच धरून ते बराच वेळ शांताच्या मांडीकडे बघत राहिले. "बाई, पोरीचे पाय जरा वर उचला. गुडगं पोटाकडं घ्या." शांतानं घेतले. नंदाची मान आपोआप दोन बोटं वर आली. "बघा. मान मानंत नसतीया," ते म्हणाले, "कमरंत असती. पाय लोंबले की मान पडली." मग माझ्याकडे वळून, जणू चौकटीचाच हिशेब सांगतायत अशा आवाजात, "सर, मी हिला बसवून देतो की."

मी बुद्धिवादी माणूस. मठाची पायरी वीस वर्षांत चढलो नव्हतो आणि ते सांगायची संधी सोडत नव्हतो. तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. ज्या हातांनी माझ्या वडिलांना शेवटचं बसवलं ते हात माझ्या मुलीला लागणार… मी म्हणालो, "नको मामा. आमचं चाललंय." त्यांना कळलं. ही अडचण त्यांना नवी नसावी. "मेलेला मानूस कायसुदिक मदत करत न्हाय सर. समदं आपल्यालाच करावं लागतं. ही पोरगी मदत करती, बघितलं न्हाय का?" मग ते जरा चिडले. "आपल्यात मड्याला बी आडवं नेत न्हाईत. आन जितं लेकरू जलमभर आडवं?" यावर उत्तर शांतानं दिलं. घरात रोज देवपूजा करणारी, शकुन-अपशकुन पाळणारी शांता. ती म्हणाली, "मामा, माप घ्या."

आठ दिवसांत खुर्ची आली. बैठक मागे कललेली, त्यामुळं घसरणं बंद. दोन्ही बगलांना कापसाच्या गाद्या, गुडघ्यांच्या मध्ये एक गोल ठोकळा, पायाखाली फळी. "कपाळाला पट्टी लावणार न्हाय," ते म्हणाले, "ती विमानातल्या लोकांची." पहिल्या दिवशी नंदा त्या खुर्चीत बसली आणि इकडेतिकडे बघू लागली. सात वर्षं तिनं आमच्या घराचं आढं पाहिलं होतं. आता भिंती बघत होती. दहीभाताची अख्खी वाटी एकदाही ठसका न लागता गेली.

आणि मी इरप्पामामांना म्हणालो, "एक मेहेरबानी करा. खुर्ची तुमची आहे हे कुणाला सांगू नका." "न्हाय सांगत," ते म्हणाले. गल्लीत मी सांगितलं, मिरजेहून आणली. मिरज लांब होती आणि तिथं दवाखाने होते. खोटं बोलायला गाव सोयीचं होतं.

चारेक महिने ठीक गेले. वळसंगचा एक धनगर, म्हाळप्पा, घोंगड्या विकत आमच्या गल्लीत यायचा. उघड्या दारातून त्यानं नंदाला बसलेली पाहिली. खुर्ची कुठली, असं त्यानं विचारलं. मी मिरज म्हणालो. त्यानं आणखी काही विचारलं नाही, मीही. पंधरवड्यानं तो पुन्हा आला तेव्हा इरप्पामामा आमच्याकडे पायफळी दुरुस्त करत बसले होते. म्हाळप्पा उंबऱ्यातच उभा राहिला. "सर, मिरजंत दोन दिस हिंडलो की. पोरगं खांद्यावर घिऊन. कुनालाच ठावं न्हाय. तुमी कुटनं आनली ते नीट सांगा की ओ." त्याचा मुलगा पाच वर्षांचा, नंदासारखाच, हे मला तेव्हा कळलं. मी इरप्पामामांकडे बघितलं. ते खाली मान घालून स्क्रू पिळत होते. दिलेल्या शब्दाला जागून एक अक्षर बोलत नव्हते. आणि मीही बोलत नव्हतो. स्वयंपाकघरातून शांता बाहेर आली, म्हणाली, "ह्यांनी केलीय. हे बसलेत न्हवं, त्यांनी. दुकान हितंच हाय, दोन घरं सोडून."

इरप्पामामांनी हत्यार खाली ठेवलं. "पोरगं कुटं हाय?"

"ष्टँडवर. बायकोजवळ."

"आन जा."

तो पळाला. मला वाटलं, आता ते मला बोलतील. ते माझ्याकडे बघून थोडे घाईनं म्हणाले, "सर, मी न्हाय हं सांगितलं." हे वाक्य मला सात वर्षांत पचलेलं नाही. त्यांनी रागावायला हवं होतं.

म्हाळप्पाच्या पोराचं माप घेतलं, पण खुर्ची घरात येऊ द्यायला त्याची म्हातारी आई तयार होईना. मड्याच्या सुताराची खुर्ची म्हणे. तेव्हा इरप्पामामा मला म्हणाले, "सोमवारी नंदाला मठात आना. खुर्चीसकट, चालत, समद्यांच्या म्होरं. त्या म्हातारीला मी बोलवून घेतो. तिला बसलेली पोर दाखवायची हाय." माझ्या मताचा प्रश्न नव्हता. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ते, अशी खुर्ची उचलून आम्ही भर सकाळी पेठेतून निघालो. खरं सांगायचं तर मठात मी विचारांमुळं जात नसे हे अर्धंच खरं होतं. तिथं नंदाबद्दल विचारतील म्हणून जात नव्हतो.

पुढच्या ओळीत खुर्ची ठेवली. स्वामीजींनी प्रवचन थांबवलं नाही की नंदावर दोन शब्द बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. प्रसादाच्या वेळी वळसंगची म्हातारी उठून आली. आधी तिनं लाकडावरून हात फिरवला. मग नंदाच्या मानेला तळवा लावून बराच वेळ उभी राहिली. "ऊन हाय की पोर!" ती मोठ्यांदा म्हणाली. सगळ्या बायका हसल्या, नंदाही हसली. म्हातारीनं तिथंच बसून तिला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, भरवली. मग दुसरीनं भरवली, तिसरीनं पाणी पाजलं, इरप्पामामा मागं उभं राहून "घाई नको, गिळू दे" असं सांगत होते. शांता थोडी लांब पंगतीत बसली होती. दोन्ही हात मोकळे ठेवून ती जेवत होती. सात वर्षांत तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. पुढे गल्लीतल्या बायकांनी नंदाच्या दुपारच्या घासांचे वार वाटून घेतले ते आजतागायत. त्यासाठी समारंभ झाला नाही.

नंतर दर काही महिन्यांनी मठात एखादी नवी खुर्ची दिसायची. कुंभारी गावची, वळसंगची, पेठेतल्याच एखाद्या घरातली, जिथं असं मूल आहे हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी इरप्पामामांना एकदा म्हणालो, तुमच्या देवावर माझा विश्वास बसत नाही. "बसू द्या न्हायतर नको," ते म्हणाले, "पोरगी बसली न्हवं?"

गेल्या पंधरवड्यात नंदाला जेवताना पुन्हा ठसका लागायला लागला. पोर वाढली, पायफळी उंच झाली, गुडघे हवेत त्याहून वर येऊन पोट दाबायला लागले. मी काशव्वाकडे गेलो. तिनं दुकान उघडून दिलं. आतली भिंत मी नीट कधी बघितली नव्हती. खिळ्याखिळ्यांवर सुतळ्या लोंबत होत्या. इरप्पामामांना लिहिता येत नव्हतं. प्रत्येक मुलाचं माप एका सुतळीवर, गाठी मारून: टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कंबर ते बगल. मूल वाढलं की पुढे नवी गाठ, आणि ओळखण्यासाठी टोकाला त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी. काशव्वा हात लावून सांगत गेली. "ही म्हाळप्पाच्या पोराची. ही कुंभारीची. ही तुमची." नंदाच्या सुतळीला तिच्या निळ्या फ्रॉकची चिंधी होती. कुंभारीचा एक सुतार लाकूडकाम करायला तयार झाला आहे. कसं बसवायचं ते काशव्वा सांगते. नंदाची फळी परवा खाली झाली, ठसका थांबला.

दोन सुतळ्यांपाशी मात्र काशव्वा थांबली. "ही दोन मला ठावं न्हाईत. रातच्याला जाऊन माप घिऊन यायचे. कुनाचं म्हनून इचारलं तर म्हनायचे, सांगू नको म्हनलेत." माझ्यासारखीच अट त्या दोन घरांनी घातली असणार, आणि त्या माणसानं ती बायकोपाशीही पाळली. एका सुतळीला हिरव्या चौकड्याची चिंधी आहे, दुसरीला पिवळ्या छिटाची. दोन्हींवरची शेवटची गाठ ताजी आहे, फार तर गेल्या वर्षीची. म्हणजे ती मुलं आहेत, वाढतायत.

काशव्वा सोमवारी सकाळपासून दुकान उघडं ठेवते. नाव विचारत नाही, मीही तिथं नसेन. हिरवी चौकडी किंवा पिवळं छीट ज्या घरातलं असेल त्यांनी मुलाच्या गुडघ्यांकडे एकदा बघावं. ते पोट दाबू लागले असतील आणि घासाला ठसका लागत असेल तर येत्या सोमवारीच यावं, त्यापुढच्या सोमवारपर्यंत थांबू नये.