कंपाउंडरचं दार

पेंटरनं उभ्या जन्मात दुसऱ्यांचीच नावं रंगवली. पीठगिरणीचं, चष्म्याच्या दुकानाचं, वकिलाचं, दाताच्या डॉक्टरचं. डॉक्टरच्या नावामागं पदव्यांचं असं लांबलचक शेपूट असायचं, की ते फळीत कोंबता कोंबता गड्याची मान अवघडायची. लोक पाटी वाचायचे, वाकून दुकानात शिरायचे. पाटी काढणारा शिडीवर लोंबकळतोय की खाली पडलाय, हे बघायला कुणाला सवड?

राहायला शहराच्या पार कडेला, भाड्याची खोली. तिथं दारावर मालकाचं नाव. पेंटरनं मनात एकच गोष्ट धरून ठेवली होती: एक दिवस स्वतःचं दार घ्यायचं आणि त्यावर स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव काढायचं. काळ्यावर सोनेरी, डाव्या अंगानं सावली टाकलेलं. बायकोला नावाबिवाचं काही नव्हतं. तिला माणसं हवी होती.

"इथं दिवसभर भिंतीशी बोलते मी," ती म्हणायची. "भिंत शहाणी झाली, मी येडी व्हायची राहिलेय."

म्हणून त्यांनी भर वस्तीत घर बघितलं. बाजाराच्या गल्लीतली जुनी इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या. खाली बेकरी, तिला चिकटून न्हाव्याचं दुकान, समोर फुलवाली, पलीकडं सायकलींच्या पंक्चरचं टपरं. पहाटेपासून जी कालवाकालव सुरू व्हायची, ती दिवे मालवेपर्यंत. कुणी कुणाला हळू आवाजात हाक मारतच नसे. बायको खिडकीत उभी राहिली आणि तिथून हलेचना. पेंटरला तेव्हाच कळलं, की आता बाकीची घरं बघण्यात अर्थ नाही.

दलाल घाईत होता. म्हणाला, "आधी एक कंपाउंडर राहायचा. म्हातारा झाला होता. गेला."

"वारला?"

"गेला हो. तुम्हाला खोल्या घ्यायच्यात की पंचनामा करायचाय?"

व्यवहार झाला. किल्ली हातात आली. दार जाडजूड, जुन्या लाकडाचं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत कंपाउंडरचं नाव.

आता पाट्या रंगवणाऱ्यांची एक रीत असते. जुनं नाव खरवडत नाहीत. खरवडलं की लाकडाची कातडी निघते आणि नवा रंग धरत नाही. नुसता काचकागद घासायचा, वरून अस्तराच्या रंगाचे दोन हात मारायचे आणि नव्या नावाला लागायचं. पेंटरच्या उस्तादानं त्याला असंच शिकवलं होतं आणि तो जन्मभर असंच करत आला होता. इथंही तसंच केलं. जन्मभराची हौस एका फळीवर ओतली. बायको मान तिरकी करून बघत राहिली.

"झकास," ती म्हणाली. "पण नाव भलतंच तोऱ्यात उभं राहिलंय. माणूस एवढा तोऱ्यात कधी नसतो बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या पोरीनं कडक टोस्टची पुडी आणून दिली. पेंटर म्हणाला, "मी मागवले नाहीत." पोरगी म्हणाली, "नेहमीचेच आहेत," आणि जिन्यावरून दडदडत गेली. पेंटरला वाटलं, चुकून आली असेल. टोस्ट बरे होते. खाल्ले.

मग न्हाव्याकडं गेला. न्हाव्यानं काही न विचारता डोक्यावर पाणी मारलं आणि उजवीकडं भांग पाडला.

"अहो, मी सरळ मागं वळवतो केस."

"कधीपासून?" न्हावी हसला. "बसा गुपचूप. तुमचं डोकं माझ्या हातातलं आहे."

दुकानातले सगळे हसले. पेंटरही हसला. नव्या माणसाची थट्टा करतात, चालायचंच. आणि खरं सांगायचं तर, इतक्या लोकांत आपली थट्टा होतेय याचं त्याला बरंच वाटलं.

थट्टा संपेना, तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. जिन्यात पोरं वाट अडवून उभी राहायची आणि त्याला बघितलं की जीभ बाहेर काढायची. पहिल्यांदा वाटलं, कारटी वेडावतायत. एकाला दटावणार तेवढ्यात मागून त्याची आई म्हणाली, "बघा ना जरा, परवापासून घसा धरलाय त्याचा."

पेंटर म्हणाला, "बाई, मी पेंटर आहे."

"हो हो," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "पण बघा ना."

पोरगं जीभ काढून उभंच. किती वेळ उभं ठेवणार? पेंटर वाकला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मीठ घालून गरम पाण्यानं गुळण्या कर. आणि उन्हात हुंदडू नको." पोरगं दोन दिवसांत बरं झालं. आईनं डबा भरून पाठवला. डबा परत करताना पेंटर स्वतःशी म्हणाला, गुळण्या काय, कुणीही सांगेल.

बायकोचं तर पाण्यात पडलेल्या बदकासारखं झालं. फुलवालीनं तिला बघितल्या बघितल्या हातातलं काम टाकलं होतं.

"आलात का वहिनी! बरं झालं. किती वाट बघायची माणसानं?"

कंपाउंडरची बायको म्हणे फार वर्षांपूर्वी निघून गेली होती. कुठं गेली ते कुणी सांगत नसे. पेंटरच्या बायकोनं सुरुवातीला हसत हसत हात हलवला, "अहो, ती मी नव्हे." मग हात हलवणं थांबलं. मग नुसतं हसणं राहिलं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला दारावर ते नाव वर आलं.

भर दुपारी. जिन्याच्या झरोक्यातून ऊन थेट दारावर पडलं होतं. पेंटरनं बघितलं, तर त्याच्या सोनेरी अक्षरांच्या आतून, कातडीखालची शीर दिसावी तशी, पांढरी अक्षरं दिसत होती. त्यानं पुन्हा अस्तर मारलं, पुन्हा नाव काढलं. अक्षरं पुन्हा आली, आधीपेक्षा ठळक. जुन्या पाटीवर काम करणं त्याला नवं नव्हतं. आतला रंग कधी थोडाफार डोकावतो. पण डोकावतो तो फिका होत जातो. हा डोकावून जागा धरत होता.

"दारात ऊन येतं म्हणून," बायको म्हणाली.

"ऊन काय, मला शिकवू नको."

"मग ओल असेल."

तिचं लक्षच नव्हतं. ती खिडकीतून फुलवालीशी बोलत होती, मागल्या कधीच्या पुराबद्दल. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं आणि बेकरीचं पीठ गल्लीभर पांढरं तरंगत होतं, ते.

ती आत आल्यावर पेंटरनं विचारलं, "कधीचा पूर?"

"झाली असतील पंधरा एक वर्षं."

"तुला काय माहीत?"

"फुलवाली सांगत होती ना."

"ती नव्हती सांगत. तू सांगत होतीस. 'आपण गच्चीत जाऊन बसलो' म्हणालीस."

बायको थबकली. तिनं पदराला हात पुसले, जरा विचार केला. मग म्हणाली, "असेन म्हणाले. बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो." आणि दिवा लावायला आत गेली.

पेंटर तिथंच उभा राहिला. रंग पातळ करायचा होता म्हणून त्यानं बाटलीतलं टर्पेंटाइन उचललं, उजेडाकडं धरलं, बुडाला गाळ आहे का बघितलं आणि मनगटाला झटका देऊन हलवलं. मग त्याला आपलं मनगट दिसलं. टर्पेंटाइन असं कुणी हलवत नाही. औषध हलवतात.

रविवारी मेहुणा आला. घामाघूम झालेला, नेहमीसारखा बडबडत.

"दाजी, घर घेतलंत की लपायला जागा? गल्लीत घिरट्या घालून पाय मोडले माझे. पेंटर कुठं राहतो विचारलं, की लोक माना हलवतात. शेवटी ताई कशी दिसते ते सांगितलं. तेव्हा म्हणतात, 'वहिनींचे भाऊ का? मग वर जा की, कंपाउंडरकडं.' हा कंपाउंडर कोण? पोटभाडेकरू ठेवलाय की काय?"

पेंटरनं त्याला दार दाखवलं. मेहुणा हसायचा थांबला नाही, पण हसणं जरा बारीक झालं.

"खरवडून टाका ना," तो म्हणाला.

"खरवडत नाहीत."

"कोण नाही खरवडत? तुमचं दार, तुमचा खरवडायचा पत्रा. आणा इकडं."

रीत मोडायला माणसाला असा एखादा बिनधंद्याचा सोबती लागतो. दोघांनी मिळून दार खरवडायला घेतलं. पेंटरचं सोनेरी नाव गेलं, अस्तर गेलं, कंपाउंडरचं पांढरं नाव गेलं. त्याच्याखाली हिरवा रंग लागला आणि हिरव्यावर परत नाव. तेच. त्याखाली तपकिरी, त्यावर तेच. त्याखाली काळपट निळा. त्यावरही तेच नाव.

मेहुणा म्हणाला, "म्हाताऱ्यानं दर रंगाला नाव परत काढलं असेल. त्यात काय?"

पेंटर दाराजवळ वाकला. तो अक्षरं बघत होता. माणसाचा चेहरा एकवेळ विसरला असता, पण हात ओळखायला तो चुकला नसता. पांढरं नाव होतं ते थरथरत्या, जपून थेंब मोजणाऱ्या हाताचं. हिरव्यावरचं शिंप्याचं होतं: कापडावर खडू ओढावा तसं एका दमात, वळणावर न थांबता. तपकिरीवरचं गवंड्याचं, अक्षर अन् अक्षर ओळंब्यात. निळ्यावरचं कुणाचं ते कळेना, पण ज्यानं कधी ब्रश धरला नव्हता, त्याचं. धंद्यातला एकही नाही. बाहेरून माणूस बोलावून काढून घेतलेलं हे नावच नव्हतं. आत राहणाऱ्यानं काढलं होतं. दर वेळी निराळ्या आत राहणाऱ्यानं.

हे त्यानं मेहुण्याला सांगितलं. मेहुण्यानं पत्रा खाली ठेवला.

"ताई," तो आत जाऊन म्हणाला, "चल चार दिवस माझ्याकडं. पोरं आठवण काढतायत."

"मी कशाला येऊ? माझं घर सोडून?"

मेहुणा चहाला थांबला नाही.

पेंटरनं एकट्यानं उरलेलं दार खरवडलं, पार पिवळं लाकूड उघडं पडेपर्यंत. मग त्यावर आपलं नाव काढलं. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. एक रेघ इकडची तिकडं नाही. भर उन्हात, दिव्याच्या उजेडात, तिरकं उभं राहून, सगळ्या तऱ्हेनं बघितलं. आत काही हलत नव्हतं. त्याचं दार, त्याचं नाव. गडी खूश झाला.

दुसऱ्या दिवशी टोस्ट आले नाहीत. बेकरीत गेला, तर बेकरीवाला त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाला पुडी देत राहिला. त्याच्या मागच्याला, मग त्याच्या मागच्याला. राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. फक्त नजर पेंटरच्या खांद्यावरून जायची. न्हाव्याच्या रिकाम्या खुर्चीत बसला, तर न्हावी वस्तरा पुसत दारात जाऊन उभा राहिला, कुणी येतंय का बघायला. जिन्यातली पोरं भिंतीला घासून जावीत तशी त्याला घासून जायची.

तेही त्यानं सोसलं असतं. जन्मभर शिडीवर काढलेल्या माणसाला न दिसण्याची सवय असते.

पण बायको खिडकीत उभी राहून हाक मारायची आणि फुलवाली वर बघायची ती तिच्यातून आरपार, मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडं. "अहो! अगं बाई, इकडं!" बायकोनं चार दिवस हाका मारल्या. मग खिडकी लावून घेतली. गल्ली खाली उकळत होती आणि वर घरात भांडं ठेवलेलं ऐकू यायचं. एका दुपारी पेंटर कामावरून आला, तर ती भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि हळूहळू काहीतरी सांगत होती.

"कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी बोलणार?"

तो तिच्याजवळ टेकला.

"माझं नाव आहे गं ते," तो म्हणाला. "एवढंच मागितलं होतं मी."

"मी कधी नको म्हटलं?" ती म्हणाली. "चांगलंच आहे. पण मला कुणी हाक मारत नाही हो. दार इतकं देखणं, आणि वाजवायला कुणी नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तो भांडला असता, जिंकलाही असता. तो उठला. पांढऱ्या रंगाचा डबा काढला, उघडला. ती मुकाट्यानं डबा धरायला बाहेर येऊन उभी राहिली.

आपल्या नावावर त्यानं अस्तर मारलं. वाळू दिलं. मग ब्रश टेकवला. आखणी लागली नाही, खडू लागला नाही. अक्षरं हातात तयारच होती, आणि नवल म्हणजे ती त्याच्या वळणाची होती. शिंप्याची नाही, गवंड्याची नाही. धंद्यातल्या माणसानं काढलेलं कंपाउंडरचं ते नाव त्या दारावर पहिल्यांदाच उभं राहत होतं आणि फार शोभत होतं.

शेवटचं अक्षर होईतो जिन्यात पावलं वाजायला लागली. खालून बेकरीच्या पोरीचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घातल्या, सायकलवाला मोठ्यानं हसला. फुलवाली ओरडली, "वहिनी! कुठं होता इतके दिवस?" बायको धावतच खिडकीकडं गेली.

पाटी रंगवणारे शेवटी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपली सही करतात. एवढं चांगलं काम झालेलं, सही हवीच. पेंटरनं बारीक ब्रश घेतला, टोक जुळवलं आणि कोपऱ्यावर टेकवलं. काय लिहायचं, ते आठवायला जरा वेळ लागला. तेवढ्यात खालून कंपाउंडरला हाक आली. तो "आलो" म्हणाला आणि ब्रश पाण्यात टाकून जिना उतरायला लागला.