वरल्या गल्लीचे इंग्रज

वालूरच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई रागावल्या की इंग्लंडच्या जिल्ह्यांची, म्हणजे तिथल्या काउंट्यांची, नावं घ्यायच्या. "गप बस, वूस्टरशायर!" असं अंगावर आलं की मागच्या बाकावरची दांडगी पोरंसुद्धा चिडीचूप. शिवी दिली की आशीर्वाद, कुणाला कळायचंच नाही. गावानं त्यांचं नाव काउंटीबाई पाडलं. स्वतः बाई गंगाखेडच्या पलीकडं फारशा गेल्या नव्हत्या.

ती नावं शाळेतल्या जुन्या शब्दकोशाच्या शेवटच्या पानांवर होती आणि बाईंना नावांचा भारी नाद. "आधी नाव उकला, मग भ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हॅम्पशायर थोडक्यात लिहिताना हँट्स का लिहितात, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "अगं, ते तिचं माहेरचं नाव. फार जुनं. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात की नाही?"

पुढं मी नर्स झाले आणि इंग्लंडात नॉरफोकमधल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. घरात जणू सुतक पडलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एकच धरून ठेवलं, "न्हाई म्हंजे न्हाई. तितं आपलं कोन हाय?" होकार कळवायची मुदत संपत आली, तशी मी रडत बाईंकडं गेले.

बाई त्याच संध्याकाळी घरी आल्या. चहा बशीत ओतत म्हणाल्या, "अण्णा, नॉरफोक म्हणजे उत्तरेकडचे लोक. त्याला लागूनच सफोक, म्हणजे दक्षिणेकडचे लोक."

"म्हंजे वरली गल्ली आन खालली गल्ली?"

"अगदी तसंच."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "पटतं का त्यायचं?"

"कुठलं हो! कायमची चढाओढ."

अण्णा खो खो हसले. "मंग मानसंच हायेत की! जाऊ द्या पोरीला."

मी निघाले त्या दिवशी बाई शेंगदाण्याची चटणी घेऊन बसस्टँडवर आल्या. "रडू नको गं, एसेक्स!" म्हणाल्या आणि स्वतःच ढसाढसा रडल्या. नंतर त्या अधूनमधून अण्णांकडं जाऊन एकेक जिल्हा उकलून सांगत. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला पोचता आलं नाही. ड्युटीवर होते, तिथंच भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

परवा आईचा फोन आला. शेजारच्या पोरीला हॅम्पशायरला नोकरी लागलीय. कागदावर मात्र हँट्स. तिच्या आईनं थयथयाट केला, "पोरगी येक सांगती, कागदावर येक. फसवायलेत!" मी चौकशी केली. नोकरी खरी होती, पण त्या माउलीचा जीव काही थाऱ्यावर येईना.

शेवटी अण्णा स्वतः त्यांच्या घरी गेले. चहा बशीत ओतला. "वैनी, ते तिचं माहेरचं नाव हाय. आधी नाव उकला, मंग भ्या."

"पर अण्णा, तितं आमचं कोन हाय?"

अण्णा म्हणाले, "आमची पोरगी हाय की!"

पुढच्या महिन्यात ती येतेय. तिला घ्यायला मी विमानतळावर जाणार आहे.