केरूनानांचं लटकणं

देवळ्याचे केरूनाना आहेर तीस वर्षं नाशिकात घरोघरी छताला जड वस्तू टांगत आले. ब्रॅकेट बसवलं की आधी स्वतः त्याला दोन्ही हातांनी लटकायचे, पाय उचलून. मगच वस्तू चढवायचे. हीच त्यांची गॅरंटी.

गंगापूर रोडला उज्ज्वलाताईंच्या घरी बावीस किलोचा प्रोजेक्टर बसवायचा होता. नानांच्या उजव्या हातातलं बळ दिवाळीपासून गेलं होतं. हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. ब्रॅकेटचे बोल्ट त्यांनी डाव्या हाताने आवळले.

“झालं. आज लटकायची गरज नाय, ताई.”

“असं कसं, नाना? शेजारच्या आशावहिनींकडे माकडासारखे लटकला होतात म्हणे! म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

नाना हसले. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी बोटं लोखंडावर ठेवली आणि शिडीवरचे पाय सोडले. उजवी मूठ लगेच उघडली, एकट्या डाव्या हाताला भार पेलवला नाही. ते फरशीवर आदळले.

“ब्रॅकेट बघा,” पडल्या पडल्याच ते म्हणाले, “तसूभर हललं नाय.”

उज्ज्वलाताईंनी पाणी आणलं. “राहू द्या, नाना. चढवायला मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते.”

“मी चढवतो की.”

उठायला म्हणून त्यांनी उजवा हात टेकला, आणि तो अंगाखाली मुडपला.