हातलाव तात्या

आमच्या बालवाडीतली पोरं त्यांना 'हातलाव तात्या' म्हणायची, आणि न विचारता हात लावला की हेच तात्या डोळे वटारायचे. पुणतांब्यात नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका खोलीचं संग्रहालय होतं. जातं, पखाल, घुंगरमाळा, कंदील, लोकांनी टाकून दिलेलं सगळं तिथे पोरांच्या हाताला येईल असं मांडलेलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसाचा नियम एकच. "आधी त्याला इचारा, हात लावू का? मग गप ऱ्हावा. व्हय म्हनलं तर लावा."

एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. दर हिवाळ्यात मी पोरांना टेम्पोत घालून तिथे न्यायचे. पोरं जात्यासमोर उकिडवी बसून विचारायची, कान द्यायची, आणि "व्हय म्हनलं!" करून खुंटा धरायची. मला हसू यायचं. बालवाडी सांभाळणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी सवड नसते.

पण कोपऱ्यात एक पांगुळगाडा होता. बाळाला चालायला शिकवायचा, लाकडी, तीन चाकांचा. त्याला विचारलेलं प्रत्येक पोर थोडं थांबायचं आणि मागे सरायचं. "न्हाई म्हनतोय." दर वर्षी पोरं नवी, तरी उत्तर तेच. एकदा एका आडदांड पोराला मी म्हटलं, "लाव रे हात, काही होत नाही." त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि रडायलाच लागला. तात्या "बरं, ऱ्हाऊ दे" म्हणायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

शेवटी मी विचारलंच.

"लेकीसाठी केल्ता," तात्या म्हणाले. "भिंत धरून उभी ऱ्हायची. मी कामावरनं येऊन रोज म्हनायचो, उद्या चाकं बसवतो. तापानं गेली, मंग बसवली. तवापासनं मी हात लावला न्हाई, बाई. तिचा राग गेल्याबिगर कसा लावू?"

गाड्यावरची धूळसुद्धा त्यांची बहीण पुसायची. आमच्या पोरांची ते वर्षभर वाट का बघायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या हिवाळ्यात माझी तीन वर्षांची सुमी बरोबर होती. ती गाड्यासमोर बसली आणि बराच वेळ उठेना. मग तात्यांचं धोतर ओढत म्हणाली, "मला न्हाई. तुमाला बोलावलंय."

तात्यांनी वाकून दांडी धरली आणि गाडा ढकलला. कधीच न फिरलेली ती चाकं जराही कुरकुरली नाहीत. पोरं आपोआप भिंतीकडे सरकली, वाट दिल्यासारखी. तात्यांकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खाली, तात्या आणि गाडा यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर होत्या, आणि त्या हळूहळू दारापर्यंत सरकत गेल्या. एकीने टाळ्या वाजवल्या. "चालली, चालली!"

मला तिथे कोणीही दिसत नव्हतं. तात्या मात्र रडत होते, आणि हसतही होते.

उन्हाळ्यात तात्या गेले. बहिणीने गाडा माझ्या बालवाडीला दिला. आता मीही पोरांना विचारल्याशिवाय कशाला हात लावू देत नाही. तात्यांची ही खोड मला लागली ती लागलीच. गाडा आता सहसा कुणाला नाही म्हणत नाही. कधीतरी एखादं पोर, तात्या गेल्यानंतर जन्मलेलं, कान देतं आणि मागे येऊन बसतं.

"काय झालं रे?"

"थांबा बाई. आजोबा तिला चालवत्यात."

मी सगळ्यांना थांबायला सांगते.